इतिहासातला किंवा रोजच्या जगण्यातला कोणता विरोधाभास तुम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नियतीने थट्टा करावी तसे प्रसंग हवेत, आणि शक्यतो आपापल्या भागातले. मी सोलापूरचा, त्यामुळे माझ्या जिल्ह्याबद्दलच लिहितो. मात्र यातलं फारसं काही नियतीच्या खात्यावर टाकायला मी तयार नाही. बहुतेक ठिकाणी माणसांनीच ठरवून केलेल्या गोष्टी दिसतात.

परगावच्या माणसाला हमखास गंमत वाटते ती चादरीची. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो, आणि गावाचं नाव झालं ते पांघरायच्या चादरीने. ती विणणारे बहुतेक पद्मशाली, पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेले. शहराच्या पूर्व भागात आजही घरोघरी तेलुगू बोलतात. मराठी माणूस मात्र ‘आपली सोलापुरी’ म्हणून ती लेकीच्या रुखवतात ठेवतो. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेर विणलेला माल याच नावाने सर्रास विकला जातो आणि इथल्या कारखान्यांचा खडखडाट कमी होत चाललाय. मला याचं वाईट वाटतं.

मनापासून आवडणारा विरोधाभासही आमच्याकडे आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकातले योगी, कन्नड वचनं रचणारे, ब्रह्मचारी. आणि दर जानेवारीत अख्खं शहर त्यांचं लग्न लावतं! कथा अशी की त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभारकन्येने लग्नाचा हट्ट धरला. मी शिवाला वाहिलेला, तेव्हा तू माझ्या योगदंडाशी लग्न कर, असं त्यांनी सांगितलं. त्या योगदंडाचं प्रतीक म्हणून सात उंच नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते तोलून धरत अडुसष्ट लिंगांच्या फेरीला जातात. आधी यण्णीमज्जन, म्हणजे तैलाभिषेक. भोगीला संमती कट्ट्यापाशी ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ च्या गजरात अक्षता पडतात आणि संक्रांतीला होम होतो. होमात कुंभारकन्येच्या प्रतिकृतीला अग्नी देतात, कारण लग्नानंतर ती सती गेली असं परंपरा मानते. हा भाग पाहताना माझ्या पोटात तुटतं. एरवी लग्न न केलेल्या माणसाचं लग्न आठशे वर्षं लावत राहायचं, त्यात कन्नड, तेलुगू, मराठी बोलणाऱ्या सगळ्यांनी वऱ्हाडी व्हायचं, याला प्रेमाशिवाय दुसरं कारण मला दिसत नाही.

याच सिद्धेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला. तो आजही शहराच्या मधोमध आहे, देऊळ पाण्यात उभं आहे. आणि त्याच शहरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. घराघरात पिंप, टाक्या, कळश्या भरून ठेवलेल्या. पाहुणा आला की पाण्याचा वार कधीचा याचा आधी हिशेब.

धरण नाही म्हणून असं होतं, असंही नाही. माढा तालुक्यात भीमेवर उजनी धरण आहे, 1980 साली पूर्ण झालेलं. एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), कोयना आणि जायकवाडीपेक्षाही जास्त. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी. म्हणून आमच्याकडे धरण ‘मायनसमध्ये’ जातं, म्हणजे उपयुक्त पाणी संपून खालच्या पाण्यावर दिवस काढायचे. धरण भरतं ते पुणे जिल्ह्यातल्या पावसावर. सोलापुरात ढगाचा पत्ता नसला तरी जुलैत चहाच्या टपरीवर चर्चा असते ती दौंडवरून किती क्युसेक येतंय याची. पंढरपूरला वाळवंटातली मंदिरं पाण्याखाली, आणि तिथून काही कोसांवर पेरणी खोळंबलेली, असं पावसाळ्यात अनेकदा होतं. उलट दुष्काळाच्या साली उजनीचं पाणी उतरतं, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं आणि ते बघायला लोकांची झुंबड उडते.

‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ ही म्हण आमच्यासाठीच जुळवली असावी. शहराला नदीतून पाणी द्यायचं तर उजनीतून भीमेत सोडायचं, ते वाहत औज बंधाऱ्यापर्यंत येऊ द्यायचं आणि टाकळीला उपसायचं. वाटेत जिरणं आहे, बाष्पीभवन आहे, काठावरच्या मोटारी आहेत. त्यामुळे शहर पितं त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागतं. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. उसाचा किमान दर कायद्याने ठरलेला असतो, कारखाना ऊस उचलतो. ज्वारी पिकवली तर अशी खात्री कुणी देत नाही. हिशेब कळणारा माणूस ऊसच लावणार. हिशेब असा मांडून ठेवला कुणी, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

ज्वारीचंही नवल आहे. काळ्या रानात पावसाळ्यानंतरच्या ओलीवर, वर पाणी न देता येणारी आमची मालदांडी. माझ्या आजीच्या पिढीत भाकरी गरिबाची आणि गव्हाची चपाती सणाची. आता रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी गेल्या काही वर्षांत अनेकदा गव्हापेक्षा महाग विकली गेली, आणि शेंगा चटणीबरोबर कडक भाकरीची पाकिटं पुण्या-मुंबईच्या दुकानांत आरोग्याचं खाणं म्हणून जातात. रानात राबणाऱ्या बाईच्या डब्यात चपाती-भात आणि वजन उतरवणाऱ्यांच्या ताटात भाकरी.

ज्वारीचं कोठार म्हणजे मंगळवेढा. आणि तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर तिथेच आहे.

पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी बहामनी राजवटीचं तिथलं धान्याचं कोठार उपाशी लोकांसाठी खुलं केलं. बिदरहून त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. तेव्हा भक्ताची लाज राखायला पंढरपूरचा विठ्ठल विठू महार झाला, खांद्यावर घोंगडी टाकून बिदरच्या दरबारात गेला आणि धान्याचे पैसे मोजून पावती घेऊन आला. ही कथा आमच्याकडे कीर्तनात ऐकत पोरं मोठी होतात. विठू महाराचा प्रसंग आला की बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात. मीही रडलोय.

आणि याच मंगळवेढ्यात, त्याआधी शंभरेक वर्षं, 1338 साली संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, वारले. महार म्हणून त्यांना राहायचं ते गावकुसाच्या बाहेर. कामाला लावलं ते गावकूस बांधायच्याच. ते कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गाडले गेले. ज्या भिंतीच्या आत त्यांना घर नव्हतं, ती बांधताना. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून नामदेवांनी ती पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. समाधी दाराबाहेरच आहे.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. देव महार होऊन बादशहाच्या दरबारात जाऊ शकत होता. महार मात्र त्या देवाच्या देवळात जाऊ शकत नव्हता. चोखोबांचे अभंग वारकऱ्यांच्या तोंडी होते, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ पोरासोरांना पाठ होतं, आणि ते म्हणणाऱ्या कुणालाही, निदान दार अडवणाऱ्यांना तरी, यात काही विसंगत वाटलं नाही. सहाशे वर्षं. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या न वाटण्याचा. अभंग पाठ नसते, कथा माहीत नसती, तर अज्ञान म्हणता आलं असतं.

साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली आणि मग हे दार उघडावं म्हणून 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विरोध थोडाथोडका नव्हता. दार उघडणारच असं दिसल्यावर मूर्तीतलं देवाचं तेज घागरीत काढून ठेवण्यात आलं, असं सांगितलं जातं. चराचरात विठ्ठल भरलाय असं गाणाऱ्या गावात! दहा-अकरा दिवसांनी मंदिर हरिजनांना खुलं करण्याचं ठरलं आणि गुरुजींनी उपोषण सोडलं. स्वातंत्र्य तेव्हा तीन महिन्यांवर होतं.

कुणी पंढरपूरला निघालं की मी सांगतो, जाताना मंगळवेढ्याला उतरा. अंतर फार नाही. दामाजीपंतांचं मंदिर बघा, तिथे विठू महाराची कथा कुणाकडूनही ऐकायला मिळेल. मग पंढरपुरात आत जाण्याआधी चोखोबांच्या समाधीपाशी थांबा, आणि बरोबर शाळकरी मूल असेल तर समाधी दाराबाहेर का आहे हे त्याला नीट, काही न लपवता सांगा.