तपासणीत नापास झालेली तलवार: फोम वाढवू नका, गाभा बदला

तुमचा प्रश्न वाचला. डॅलसला शिकायला आलात, रूममेट पार्कातल्या ॲम्टगार्डच्या, म्हणजे फोमच्या शस्त्रांनी लुटुपुटूच्या लढाईच्या, खेळाला घेऊन गेला, तुम्ही हौसेने ४२ इंची तलवार बनवून नेलीत आणि तिथे शस्त्रं तपासणाऱ्या माणसाने ती एकदा स्वतःच्या मांडीवर मारून बघितली अन् बाजूला ठेवली. आत गाभा म्हणून अर्धा इंची पीव्हीसी पाईप, वर पूल नूडल (पोहताना धरतात ती फोमची पोकळ कांडी), त्यावर टोकापासून मुठीपर्यंत डक्ट टेप, आणि तोल यावा म्हणून मुठीत भरलेली वाळू. वजन ९०० ग्रॅम. आता विचारताय की वरून आणखी एक नूडल चिरून गुंडाळलं तर पास होईल का.

नाही होणार. आणि झाली तरी तिने मार खाणाऱ्याचे हाल होतील. बारा वर्षं टेक्सासात हेच खेळतोय, त्यातली पाच-सहा वर्षं मीही तपासणीला उभा राहिलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्या तलवारीला सगळेच फोमचा विचार करतात. खरं दुखणं गाभ्यात असतं. गाभा जड किंवा लवचीक घेतला की तो झाकायला फोम जास्त लागतो, फोम वाढला की वजन वाढतं, वजन वाढलं की वार मध्येच आवरता येत नाही, मग आणखी फोम. या चक्रातून बाहेर पडायचं तर सुरुवातच हलक्या आणि ताठ गाभ्याने करायची. माझी याच लांबीची तलवार साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिच्यावर तुमच्यापेक्षा फार जास्त फोम आहे असंही नाही.

अर्धा इंची म्हणून मिळणाऱ्या पीव्हीसी पाईपचा बाहेरचा व्यास मोजून बघा, ०.८४ इंच भरेल. नूडल असतं अडीच इंचांच्या आसपास. म्हणजे पाईपच्या चारी बाजूंना फोम उरला जेमतेम पाऊण इंचाच्या जरा वर. बंद पेशींचा फोम म्हणजे हवेच्या लाखो बारीक पिशव्या. दाबत जाल तसा तो दबतो, पण एका हद्दीनंतर दबायला काही उरत नाही आणि मग तो लाकडासारखा लागतो. तपासणाऱ्याला मांडीवर जे जाणवलं ते हेच, आतला पाईप. शिवाय पीव्हीसी वाकतो. जोरात फिरवलात की टोक मागे राहतं आणि मग चाबकासारखं पुढे येतं. समोरच्याने ढाल बरोबर धरलेली असते, तरी टोक कडेवरून वळून कानावर बसतं. या खेळात डोक्यावर आणि मानेवर मारायचंच नाही, तिथे अशी तलवार कुणाच्या हातात द्यायला नको. थंडीत तोच पीव्हीसी ठिसूळ होतो, हे वेगळंच.

तेव्हा पोकळ फायबरग्लासची नळी घ्या. मोठ्या पतंगांच्या सांगाड्याला वापरतात ती, साधारण अर्धा इंच जाड. लाकूड नको, तुटलं की त्याचा भाला होतो. जुन्या गोल्फ क्लबचा कार्बनचा दांडा काही जण वापरतात. हलका आणि ताठ असतो खरा, पण चिरला की बारीक काटे सुटतात, म्हणून पहिल्या तलवारीला तोही नको. फायबरग्लास कापताना खुणेवर टेप गुंडाळा, बारीक दातांच्या करवतीने ओला करून कापा, तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. मी एकदा अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात कापत बसलो होतो, दोन दिवस खाजकुइली लागल्यासारखा खाजवत होतो.

फोमसाठी कॅम्पिंगची निळी मॅट आणा, साधारण ३/८ इंच जाडीची. पट्ट्या कापून धारेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन थर, म्हणजे सव्वा इंचाच्या जरा आत. चपट्या बाजूंना दोन-दोन थर. चपट्या बाजूने कुणी मारत नाही म्हणून तिथे एकाच थरावर भागवणारे असतात, पण धावपळीत मनगट फिरतं आणि तीच बाजू चटका देऊन जाते. याचसाठी मूठ गोल न ठेवता लंबगोल करा. धार कुठे आहे ते हाताला न बघता कळलं पाहिजे.

चिकटवायला कॉन्टॅक्ट सिमेंट. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. एकदा जोडलं की सरकवता येत नाही. घाई करून ओलं जोडलंत तर आत द्रावक अडकून राहतं आणि महिन्याभरात थर सुटतात. हे काम बाल्कनीत करा, अपार्टमेंटमधल्या गॅसच्या गीझरजवळ अजिबात नाही. सिमेंटची वाफ पेट घेते.

आता टोक, कारण खरी इजा इथेच होते.

माझ्या पहिल्या तलवारीत मी नळी जवळजवळ टोकापर्यंत नेली होती आणि वर फोमची टोपी चिकटवली होती. पहिले तीन रविवार छान गेले. चौथ्या रविवारी एका मित्राच्या बरगडीवर गोल वळ उमटलं, बरोबर नळीच्या तोंडाएवढं, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. घरी येऊन टोक दाबलं तर आतून कडा बोटाला लागली. नळीच्या कापलेल्या कडेने टोपीचा फोम आतल्या आत कोरून काढला होता आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मित्र हसला, मला मात्र घाम फुटला. वार चार बोटं वर गेला असता तर गळ्याशी होता.

तेव्हापासून नळी टोकाच्या तीन इंच आधी थांबवतो. तिच्या तोंडात रबरी बूच, त्यावर जाड चामड्याची चकती, चकती नळीहून रुंद, म्हणजे दाब एका कड्यावर न येता पसरतो. त्याच्या वर फोमच्या चकत्या. टोक रुंद हवं. तपासणीत ठरावीक मापाच्या कड्यातून टोक जातं का हे बघतात, ते काही उगाच नाही. डोळ्याच्या खोबणीत शिरेल एवढं बारीक टोक कुणाकडे असू नये म्हणून ते. कड्याचं माप गटागटात वेगळं असतं, आपल्या गटाचं विचारून घ्या. मुठीमागच्या बोंडालाही हेच लागू. ती वाळू काढून टाका. हलक्या पात्याला तोलासाठी वजन लागतच नाही.

भोसकायचं टोक पहिल्या तलवारीला करूच नका. त्याला वर सोफ्याच्या गादीसारखा उघड्या पेशींचा मऊ फोम लागतो आणि त्यातून हवा बाहेर जायला वाट लागते. टेपने बंद केलात तर त्याचा फुगा होतो. डॅगोरहिरमध्ये (फोमच्या शस्त्रांचाच दुसरा खेळ) अशा शस्त्राला हिरवी खूण लावतात, समोरच्याला आधीच कळावं म्हणून.

अंगावर डक्ट टेप नको. वजन वाढतं, हवा कोंडते आणि उघड्या दंडावर चपराक बसल्यासारखं लागतं. पातळ पण चिवट कापडाची सैल पिशवी शिवून चढवा. शिवता येत नसेल तर जुन्या ट्रॅक पँटचा पाय चालतो, माझा अजून चालतो.

दुसऱ्या गटाची चित्रफीत बघून त्यांची तलवार उतरवू नका, असंही सांगून ठेवतो. १९६६ मध्ये बर्कलीत सुरू झालेल्या एससीएत (मध्ययुगीन लढाया खेळणारी संस्था) वेताच्या तलवारी असतात, कारण तिथे माणसं चिलखत आणि शिरस्त्राण घालून उतरतात. १९७७ पासूनच्या डॅगोरहिरमध्ये वार दणकून लागावा लागतो. आपल्याकडे, म्हणजे १९८३ मध्ये एल पासोत सुरू झालेल्या ॲम्टगार्डमध्ये, हलका वारही धरतात. हाताला लागला तर हात गेला, पायाला लागला तर गुडघ्यावर बसा, धडाला लागला की मेलात. जोर लावून काही जास्त मिळत नाही, मग जड तलवार हवी कशाला? इंग्लंड-जर्मनीकडच्या लेटेक्सच्या देखण्या तलवारी तर भोसकायच्या नसतातच, आतला दांडा टोक फाडून बाहेर येतो. आपल्या आखाड्यांतल्या फरीगदक्यातही सरावाला चामडं चढवलेली काठीच धरत आले, तिथेही समोरचा उद्या परत खेळायला आला पाहिजे हाच हिशोब.

पुण्याहून ज्यांनी खाली प्रतिक्रियेत तिकडे मिळणाऱ्या सामानाबद्दल विचारलंय त्यांना थोडक्यात: ट्रेकिंगची मॅट चालेल, मुलांच्या खोलीत घालतात त्या ईव्हीए फोमच्या फरशा धारेला जरा कडक पडतात, फेविकॉल एसआर चालतो. थर्माकोलला तो लावू नका, विरघळून भोक पडतं.

तलवार झाली की आधी स्वतःच्या उघड्या मांडीवर मारा, मग कुणाला तरी तुमच्याच पाठीवर पूर्ण जोराने मारायला सांगा. शिवी तोंडातून आली तर अजून काम बाकी आहे. नंतर दर खेळाआधी पातं चिमटीत धरून टोकापासून खाली दाबत या. पातं वरच्या एक तृतीयांश भागातच मरतं, म्हणजे तिथला फोम दबून बसतो, कारण वार तिथेच बसतात. टेक्सासच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलीत तर त्याआधीच मरेल, गोंद सुटतो.

जुनी तलवार टाकून देऊ नका. आज रात्री तिचं टोक कटरने उभं चिरा आणि पाईपचं तोंड फोममध्ये कुठवर घुसलंय ते बघा. फोटो इथे टाका, मग नळी किती लांबीची कापायची ते सांगतो.