बो तारेवर टेकू द्या

मी समुपदेशक. डिसेंबर जवळ आला की माझ्याकडे संगीतशिक्षकांची ये-जा वाढते. तक्रार झोपेची असते नाहीतर पित्ताची, पण दहा मिनिटांत गाडी स्नेहसंमेलनावर येते. 'मुलांना झेपेल ते बसवायचं, की पालकांना आवडेल ते?'

बडोद्यातल्या एका शाळेत व्हायोलिन शिकवणारे एक सर (तपशील बदलले आहेत) हेच घेऊन आले होते.

"काय बसवताय?"

"फिल्मी मेडली. मुख्याध्यापकांना तीच हवी. फार पळते हो ताई, पाच-सहा जणांना नाहीच जमत."

"मग ते काय करतात?"

"बो, म्हणजे गज, तारेला न टेकवता नुसता वरून फिरवायला सांगितलंय. लांबून कळत नाही."

पुढच्या काही भेटी मुख्याध्यापक, पालक आणि अपुरे तास यांच्यावर खर्ची पडल्या. मी ऐकत राहिले. मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाला मानणारी; माणसाला नीट ऐकलं की तो आपल्या उत्तरापाशी आपणच पोचतो, यावर माझा भरवसा आहे. सहकारी यावरून चिडवतात, चिडवोत बापडे.

एके दिवशी सर सहज बोलून गेले, "सातवीतली एक मुलगी विचारत होती, मी खरं वाजवत नाही हे आईला सांगू का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"नको म्हणालो."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते, मी ती आवरली. शेवटी सरच म्हणाले, "मी तिला घरी खोटं बोलायला लावलं. का, तर जिथे सयाजीरावांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांकडून गायनशाळा उभी करवली, त्या गावात माझी मुलं सोपं वाजवताना दिसली तर लोक मला नावं ठेवतील म्हणून."

इतके दिवस गाण्याबद्दल बोलणाऱ्या सरांना खरी धास्ती स्वतःच्या नावाची होती. मुलांच्या जिवावर आपली पत राखणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत, आणि पालक त्याहून जास्त.

गाणं त्यांनी स्वतःच बदललं. मध्यलयीतली भूप रागातली धून घेतली. त्यांची व्हायोलिनं सा-प मध्येच लागलेली असतात आणि भूपात हे दोन्ही स्वर आहेत. मग कच्च्या मुलांनी खुल्या, म्हणजे बोट न दाबलेल्या, तारांवर लांब बो ओढत सुरांचा भरणा करायचा, धून बाकीच्यांनी वाजवायची. मुख्याध्यापक थोडे कुरकुरले, इतकंच.

तुम्हीही या पेचात असाल तर सगळ्यात कच्च्या मुलाच्या वाट्याला काय येतंय ते आधी बघा. त्याला खरोखर वाजवता येतील असे चार स्वर रचनेत काढता येतात. तेवढी मेहनत शिक्षकाने घ्यायलाच हवी. गाण्याचे शब्द मुलांना शोभणारे नसतील तर 'शब्द कुठे आहेत, नुसती चाल तर आहे' ही सबबही पुरत नाही. सहावीच्या मुली मधल्या सुट्टीत तेच शब्द गुणगुणतात, तेव्हा ते त्यांच्या तोंडी शोभतात का हे पाहा. भजन घेणार असाल तर एखाद्या मुलाला कारण न विचारता बाजूला राहू द्या.

राहिली परवानगी. शाळेचा कार्यक्रम विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरताच असेल तर कॉपीराइट कायद्यात त्याला मुभा आहे. तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचा असेल तर मात्र आधी जाणकाराला विचारा, आणि मुलांच्या घरीही.