पगच्या नाकाचं आणि टाळूचं ऑपरेशन झालंय, घरी आणल्यावर काय काळजी घ्यावी?

साडेतीन वर्षांचा पग, नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा मागे लोंबणारा भाग कापला, दोन दिवस दवाखान्यात राहून काल नागपूरच्या घरी आला. आता आधीपेक्षा जास्त घोरतोय, रोजचं कोरडं खाणं तोंडात धरत नाही, आणि रविवारी भावाकडची सगळी मंडळी त्याला बघायला येणार आहेत. तुमचा प्रश्न एवढा आहे. हे सगळं आमच्या गुंडीच्या बाबतीत आम्ही पार पाडलंय (पगच, तेव्हा चार वर्षांची, आम्ही पुण्यात), म्हणून सविस्तर लिहिते.

आधी रविवारचं. त्यांना अजून किमान दोन आठवडे येऊ नका म्हणून सांगा. तुम्ही हे प्रश्नात जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ओळखीची माणसं दिसली की पग आनंदाने वेडा होतो. उड्या मारतो, भुंकतो, धापा टाकतो. घसा आतून ओला आणि सुजलेला असताना त्याच जागेवरून वारा जोरात ये-जा करायला लागतो. त्याने सूज वाढते, वाट आणखी अरुंद होते, म्हणून तो आणखी जोर लावतो, त्यात अंग तापतं, आणि तापलं की धाप अजून वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की ते थांबवायला दवाखानाच गाठावा लागतो.

या कुत्र्यांचा मूळ त्रासही असाच असतो. पिढ्यान्‌पिढ्या चपट्या तोंडाची पिल्लं निवडत गेल्यामुळे कवटी आखूड झाली, पण आतला मांसल भाग त्या मानाने आखूड झाला नाही. लांब टाळू मागे घशात लोंबत राहतो. नाकपुड्या फटीएवढ्या. अशा वाटेने श्वास ओढायचा म्हणजे रोज छातीने जोर लावायचा, आणि त्या ओढीने स्वरयंत्राजवळच्या बारीक पिशव्यासुद्धा उलट्या होऊन वाटेत येतात. गुंडी रबरी बदक दातात धरून झोपायची. आम्हाला ते फार गोड वाटायचं, फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचो. तोंड मिटलं तर श्वास पुरत नाही म्हणून ती ते धरून झोपते, हे कळलं तेव्हा मी रडले होते. त्याआधी दोन वर्षं आम्हाला 'पग घोरतातच' एवढंच सांगितलं गेलं होतं. तुम्ही साडेतीन वर्षांचा असतानाच ऑपरेशन करून घेतलंत, हे फार चांगलं केलंत.

घोरण्याला घाबरू नका. पहिले काही दिवस आवाज आधीपेक्षा वाढतो, कारण कापलेल्या जागेला सूज असते. लाळेत किंवा नाकाच्या पाण्यात रक्ताची गुलाबी झाक एक-दोन दिवस दिसू शकते. भुंकण्याचा आवाज बसतो. हे आम्ही सगळं पाहिलं. आवाज किती आहे यापेक्षा श्वास घ्यायला जोर किती लागतोय ते बघायचं. तो गाढ झोपला की जवळ बसा, छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक, असं तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. झोपेत मिनिटाला तीसच्या आत असलं पाहिजे. जागेपणी धापा टाकताना मोजण्यात अर्थ नाही. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्रीचा आकडा लिहायचे. बावीस, चोवीस, बावीस, आणि मग पाचव्या रात्री चव्वेचाळीस.

ती पाचवी रात्र माझ्या चुकीमुळे आली, म्हणून खाण्याबद्दल जरा नीट सांगते. गुंडीही कोरडं खाणं खात नव्हती. घसा दुखतोय तर पातळ द्यावं, असं मला वाटलं. आपल्याकडे आजारी माणसाला पेजच देतात. मी तांदळाची पातळ पेज करून, तिचं डोकं वर धरून, सिरिंजने गालातून दिली. ती ठसकली, मी पाठ थोपटली, पुन्हा दिली. टाळू नुकताच कापलेला असतो, गिळतानाचं झाकणं-उघडणं अजून जमत नसतं, आणि पातळ पदार्थ सरळ श्वासनलिकेत उतरतो. दुसऱ्या दिवशी ती सुस्त पडली, ताप १०३.६ (कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं), आणि रात्री तो चव्वेचाळीसचा आकडा. फुप्फुसात न्युमोनिया. पुन्हा तीन दिवस ऑक्सिजन आणि सलाईन. वेळेत नेलं म्हणून वाचली. या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त धास्ती बाळगायची ती याचीच.

तेव्हा सिरिंज नको, जबरदस्ती नको, पेज नको. मऊ पण घट्ट असं द्यायचं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेली रीत अशी होती: उकडलेलं चिकन हाताने कुस्करायचं, त्यात गुरगुट्या भात मळायचा आणि सुपारीएवढे गोळे करायचे. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्यांना विषारी असतात. गोळे गार झाल्यावर एकेक हातावर ठेवून द्यायचा. एक गिळला, जीभ फिरवली, की मग दुसरा. वाटी पुढे ठेवली तर पग सगळं एका दमात ओढून घेतो. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याला बसता ठेवा, लगेच आडवा होऊ देऊ नका. पाणी पसरट ताटलीत, कायम जवळ. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल, किंवा पूर्ण दिवसात एकही गोळा घेतला नाही, तर डॉक्टरांना फोन करा. कोरडं खाणं, चघळायची हाडं, कडक खेळणी कधी सुरू करायची ते तुमचे डॉक्टर घसा बघून सांगतील. आम्हाला तीन आठवडे थांबायला सांगितलं होतं.

उलटी किंवा नुसतं खाल्लेलं वर येणं, दोन्ही टाळायला हवं. श्वासासाठी इतकी वर्षं छातीने ओढ लावल्यामुळे यातल्या बऱ्याच कुत्र्यांचं जठरातलं आम्ल वर येत असतं. म्हणूनच आम्लाची गोळी आणि उलटीची गोळी देतात. आम्लासाठी ओमेप्राझोल दिलं असेल तर ते रिकाम्या पोटी द्या, खाणं नंतर. सूज उतरायला स्टेरॉइड चालू असेल तर तहान आणि लघवी वाढते. रात्री एकदा उठून त्याला बाहेर न्यावं लागेल, त्याला रागावू नका. ती गोळी मनाने बंद करू नका. आणि घरात आधीची मेलॉक्सिकॅमसारखी दुखण्याची गोळी उरलेली असेल तर ती न विचारता देऊ नका, स्टेरॉइडबरोबर ती दिली तर जठरात जखमा होऊ शकतात. माणसांची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर नकोच नको. गोळी पीनट बटरमध्ये लपवणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, कुत्र्यांना विषारी) नाही ना ते वाचा.

आता उन्हाळा. तुमचं नागपूर, म्हणजे पारा ४२-४४ च्या घरात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, ओलावा उडवून तो गार होतो, आणि तीच वाट आत्ता सुजलेली आहे. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, फक्त खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत दमटपणा साठतो. एसी असेल तर पंचवीसच्या आसपास. फरशीवर झोपू द्या. बाहेर फक्त शू-शीपुरतं, सकाळी सहाच्या आधी आणि रात्री उशिरा. गळ्यातला पट्टा काढून टाका, कायमचा. छातीला येणारा हार्नेस घ्या. नाकपुड्यांच्या टाक्यांना पंजा लागू नये म्हणून दिलेला प्लास्टिकचा कोन त्याला आवडणार नाही, पण काढू नका.

घर शांत ठेवायला आम्ही जे केलं ते सांगते. दाराची बेल बंद केली आणि बाहेर 'फोन करा' अशी चिठ्ठी लावली. गुंडी सगळ्यात जास्त नाचायची ती बाबा ऑफिसातून आल्यावर. मग ठरवलं की त्यांनी आत येताना तिच्याकडे बघायचंच नाही. हातपाय धुवायचे, सतरंजीवर भिंतीला टेकून बसायचं, पेपर उघडायचा. ती दोन फेऱ्या मारायची, मग येऊन मांडीत डोकं ठेवायची. तेव्हा कुठे बाबा हात फिरवायचे. पहिल्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते, पण चौथ्या दिवसापासून ती स्वतःच हळू यायला लागली. झोपवताना टॉवेलची घट्ट गुंडाळी करून हनुवटीखाली द्या, मान किंचित वर राहिली की श्वास मोकळा होतो.

पुढचं काहीही दिसलं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट निघा: हिरड्या किंवा जीभ निळी-जांभळी किंवा राखेसारखी, मान पुढे ताणून कोपरं बाहेर फाकवून बसणं, दर श्वासाला पोट खोल आत जाणं, आडवं होता न येणं, श्वास आत घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज, ताजं लाल रक्त, चक्कर. हिरड्या निरोगी असताना कशा गुलाबी दिसतात ते आजच नीट बघून ठेवा, म्हणजे फरक कळेल. निघताना दवाखान्यात कळवा म्हणजे ऑक्सिजन तयार ठेवतील, आणि गाडीचा एसी चालू ठेवा. अंग तापलेलं असेल तर नळाचं पाणी अंगावर टाकून वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, ते आत्ताच विचारून घ्या. आम्ही त्या पाचव्या रात्री तीन ठिकाणी फोन केले होते.

गुंडीला पूर्ण फरक दिसायला दोन महिने लागले. साडेनऊ किलोची होती, तिला हळूहळू आठवर आणली, कारण गळ्याभोवतीची चरबी आतली वाट पुन्हा दाबते. एका रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती खोलीत आवाज नव्हता म्हणून. दिवा लावला. ती कुशीवर, तोंड मिटून झोपली होती, बदक दूर दाराशी पडलं होतं. मोजलं, अठरा.

तुमचा आज रात्रीचा आकडा किती येतो ते इथे लिहाल का? तीसच्या वर असेल तर आधी डॉक्टर, मग मी.