काजूची बी बाहेर लटकते, मग काजू अनावृतबीजी का नाही?

तुमच्या मुलीने शाळेतून येऊन विचारलं, की पाइन आणि सायकस यांची बी उघडी असते म्हणून ती झाडं अनावृतबीजी, तर मग बी बाहेर लटकणारा भाटातला, म्हणजे बागेतला, काजूही अनावृतबीजी म्हणायचा का? आणि तुम्ही स्वतः पुढे विचारलंय, की काजूच्या शास्त्रीय नावातलं 'ऑक्सिडेंटाले' म्हणजे पश्चिमेकडचा, ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आलं का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण मुलीला गप्प बसवू नका. तिची नजर चांगली आहे, फक्त फळ कोणतं आणि बी कोणती यात आपण सगळेच गफलत करतो.

आपण ज्याला काजूची बी म्हणतो ते अख्खं फळ आहे. ज्याला फळ समजून तुडवतो, नीरो म्हणजे ताजा रस काढतो, हुर्राक म्हणजे पहिल्या धारेची हलकी दारू गाळतो, तो बोंडू म्हणजे त्या फळाचा फुगलेला देठ. 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली फेणी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने देठाची दारू ठरते. पिणाऱ्यांना याने काही फरक पडत नाही, ते सोडा.

मोहर आला की मुलीला भाटात न्या. काजूच्या एकाच तुऱ्यात दोन तऱ्हेची फुलं असतात: काही नुसती नर, काही उभयलिंगी. फळ धरतं ते फक्त उभयलिंगी फुलात, म्हणून एवढ्या मोहरातून बिया मोजक्याच लागतात. फलन झालं की त्या फुलातला अंडाशय, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, वाढून हिरवी, मूत्रपिंडाच्या आकाराची बी होते. अगदी कोवळी बी पाहिलीत तर तिच्यावर कुक्षीवृंताचं, म्हणजे अंडाशयावरच्या बारीक दांडीचं, सुकलेलं टोक दिसेल. हा अंडाशय असल्याचा पुरावा. या वेळी बोंडूचा पत्ताच नसतो, बीच्या मागे साधा बारीक देठ असतो. बी आकाराने पूर्ण वाढते, आणि त्यानंतर शेवटच्या काही आठवड्यांत देठ भराभर फुगतो, पिवळा-लाल होतो. बोंडू जर फळ असतं, तर त्याच्या आधी बी भरून तयार कशी झाली असती?

मग सुरी घ्या. बोंडू उभा कापला तर आत रसाळ, धागेदार गर. बी नाही, बीची पोकळीही नाही. बी मात्र तुम्ही कापा, मुलीला देऊ नका, टरफलातल्या तेलाने कातडी सोलून निघते. ते कठीण टरफल म्हणजे फळाची भिंत, त्याच्या आतली तांबूस पातळ साल हे बीचं आवरण, आणि त्यात जो गर आपण खातो तो म्हणजे दोन बीजपत्रांसकट पूर्ण गर्भ. अनावृतबीजी झाडांत बीजांडाभोवती, म्हणजे ज्याची पुढे बी होते त्याच्याभोवती, अंडाशयच नसतो, ते उघड्यावर वाढतं. काजूची खरी बी तर टरफलात पक्की बंद आहे. ती बाहेर आली कुठे?

याच्या नेमकी उलट गंमत पश्चिम घाटाच्या रानात आहे. नीटम उला नावाची मोठी वेल तिथे चढते. तिला पिकल्यावर केशरी-तांबडी, बोरासारखी 'फळं' लागलेली दिसतात, आणि ती फळं नसून उघड्या बियाच असतात. ही वेल खरी अनावृतबीजी. म्हणजे नुसतं बाहेरून पाहून गट ठरवायचा म्हटलं तर काजू आणि नीटम दोघेही फसवतात.

देठ फुगवायची ही तऱ्हा आली कुठून? काजूची भावंडं मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. त्यांतलं अनाकार्डियम मायक्रोसेपलम हे उंच रानझाड. त्याला काजूसारखीच बी लागते, पण देठ फुगत नाही. उलट जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचे काजूचे जीवाश्म सापडले आहेत, आणि त्यांत बीमागचा फुगलेला देठसुद्धा दिसतो. आफ्रिकेतलं फेगिमॅन्रा हे झाडही काजूचं जवळचं नातलग. आता फायदा काय, तर वटवाघळं बोंडू तोंडात धरून दूर नेतात, गर चोखतात आणि बी टाकतात. बी फोडू पाहणाऱ्याला टरफलातलं तेल भाजतं. झाडाने हे ठरवून केलेलं नाही. ज्यांचे देठ जास्त गोड आणि टरफलं जास्त तिखट, त्यांची रोपं जास्त जगली, एवढंच.

आता नाव. सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले असं नाव दिलं. तो स्वीडनचा; त्याच्या लेखी पश्चिम म्हणजे अमेरिका. काजू मूळचा ब्राझीलकडचा, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात इकडे आणला. सह्याद्रीशी त्या नावाचा काही संबंध नाही.

पण 'अनाकार्डियम'ची कथा मला जास्त आवडते, कारण ते नाव आधी बिब्ब्याचं होतं. युरोपातले औषधवाले बिब्ब्यालाच त्या नावाने ओळखत, आणि 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या ग्रंथात 'अनाकार्दो' म्हणून जे वर्णन आहे तेही बिब्ब्याचंच. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा हिशेब 1753 पासून धरतात, त्याआधीच्या वापराला तिथे हक्क नाही. म्हणून नाव काजूकडे गेलं ते गेलंच. पुढे लिनियसच्या मुलाने बिब्ब्याला सेमेकार्पस अनाकार्डियम म्हटलं, तेव्हा ते निदान आडनावासारखं परत मिळालं. आपल्याकडेही बाजारात ओल्या काजूगरांना बिबेच म्हणतात ना! दोन्ही झाडं एकाच कुळातली, त्यातच आंबा आणि आंबाडाही आला. बिब्ब्याच्या फळाखालीही देठाकडचा भाग फुगून केशरी होतो, आणि काजूचं तेल, बिब्ब्याचा रस, आंब्याचा चीक हे तिन्ही कातडीला चटका देतात.

मुलीला परीक्षेत लिहायचं असेल तर: काजू आवृतबीजी, द्विबीजपत्री, बी हे खरं फळ, बोंडू हे आभासी फळ.