विंगेत बसून: वाचकांचे प्रश्न, प्रॉम्प्टरची उत्तरं

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की नाटकाबद्दल काहीही विचारा, आणि पेपरात नाहीतर मोबाईलवर एखादी विचित्र बातमी दिसली तर तीपण पाठवा. तर यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि त्यातल्या निम्म्या बातम्याच आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी वडगावात ब्लाऊज शिवते आणि गेली बावीस वर्षं बेळगावातल्या हौशी नाटकांचं प्रॉम्प्टिंग आणि कपडेपट बघते. आता पत्रांकडे.

ताई, ग्रुपवर आलंय की अमेरिकेत एक जण नाटक बघायला गेला आणि सरळ स्टेजवर चढून सेटवरच्या सॉकेटला मोबाईल चार्जिंगला लावला. खरं की थाप? (एक वाचक, शहापूर)

खरं आहे की ओ! २०१५ च्या जुलैमधली गोष्ट, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं बूथ थिएटर. नाटक सुरू व्हायच्या आधी हा पोरगा वर चढला आणि सेटवरच्या भिंतीत चार्जर खुपसला. सॉकेट खोटं, नुसतं दिसायला लावलेलं, त्यामुळे चार्जिंग काही झालं नाही, आणि थिएटरच्या माणसांना फोन काढून घेऊन वर अनाउन्समेंट करायला लागली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मशीनवर होते, इतकं हसले की टीप वाकडी गेली आणि उसवून परत घालायला लागली. पण हसून झाल्यावर माझ्या मनात आलं ते त्या सेटवाल्याचं. ज्याने ते सॉकेट बसवलं त्याला याच्यापेक्षा मोठी शाबासकी कुठली मिळणार? स्टेज हाताच्या अंतरावर आणि तरी बघणाऱ्याला खरं वाटलं.

आमच्याकडे असंच घडलंय, फक्त चार्जर नव्हता. खानापूरच्या बाजूला एका गावात जत्रेत प्रयोग होता. सेटवर देवघर होतं, म्हणजे प्लायवूडची फळी, त्यावर विठोबा-रखुमाईची तसबीर आणि सोनेरी रंग मारलेली प्लॅस्टिकची समई. मध्यंतर झालं, पडदा अर्धाच ओढला गेलेला, आणि पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या, पायरीपाशी चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या, वर आल्या, अंबाड्यातली अबोली काढून तसबिरीला वाहिली, हात जोडले आणि खाली जाऊन बसल्या. मी विंगेत हातात संहिता घेऊन बघत होते, तोंडातून शब्द फुटेना.

आता पुढची पंचाईत ऐका. दुसऱ्या अंकात थोरला मुलगा रागाने ते देवघर हाताने उधळून टाकतो असा सीन. पण त्या फुलांना हात लावायला कोण तयार? करणारा पोरगा म्हणाला मला जमणार नाही, दिग्दर्शक म्हणाले सीनच तसा आहे, घंटा व्हायला दोन मिनिटं राहिली आणि यांचं चाललंय. शेवटी पोरगा गेला, पूर्ण संवाद म्हटला, तसबिरीपर्यंत आला, हात उचलला आणि थांबला, आणि फुलांसकट तसबीर हळूच भिंतीकडे वळवून ठेवली. मंडपात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्याच्यानंतरच्या सगळ्या प्रयोगांना आम्ही तसंच केलं. आजींना कोणी सांगितलंही नाही की त्यांनी नाटक सुधारलं म्हणून, मला ते अजून लागतं.

स्पेनमध्ये झाडांसमोर कार्यक्रम केला म्हणे, माणसं नाहीत म्हणून. याला कला म्हणायचं काय? (निवृत्त शिक्षक, निपाणी)

सर, झाला होता. बार्सिलोनाचं लिसेउ हे मोठं ऑपेरा हाऊस, २२ जून २०२० ची तारीख, लॉकडाऊन नुकतं उठलेलं. प्रत्येक खुर्चीवर एक कुंडी, एकूण २,२९२ झाडं, आणि चार वादकांनी त्यांच्यासमोर पुच्चिनी या इटालियन संगीतकाराची एक रचना वाजवली. नंतर ती झाडं दवाखान्यात राबलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना दिली. फोटो बघितला तर गंमत वाटते, एवढे बाल्कनीचे मजले आणि सगळीकडे हिरवी पानं, वादक उठून वाकून नमस्कार करतायत आणि समोर कुंड्या. पण मला विचाराल तर कला आहे. त्या महिन्यांत आम्हीही घरात बसून होतो आणि प्रेक्षकाची किंमत काय ते तेव्हा कळलं.

झाडं खोकत नाहीत हो, आणि माझं सगळं काम खोकल्यावर चालतं. प्रयोगाच्या वेळी माझ्या हातात पेन्सिल असते आणि ज्या ओळीला हॉलमध्ये खोकला उठतो तिथे मी संहितेच्या कडेला टिंब करते. एका टिंबाचं काही नाही, कुणाला खरंच सर्दी असेल. पण तीन प्रयोगांत एकाच ओळीपाशी टिंबं आली की समजायचं इथे नाटक सैल पडलंय, माणसं खुर्चीत हलायलेत, आणि दिग्दर्शकांना दाखवायचं. मागच्या वर्षी अशी दीड पानं कापली. खुर्चीचा करकर आवाज, बांगड्यांचा आवाज, मधेच कुणीतरी पिशवी उघडून बंद करणं, हे सगळं म्हणजे आम्हाला मिळालेलं उत्तर असतं. जुलैच्या पावसात एकदा आम्ही अकरा माणसांसमोर प्रयोग केला, पत्र्यावर पाऊस असा की संवाद ओरडून म्हणायला लागले, पण त्या अकरा जणांत एक बाई शेवटच्या सीनला हुंदका देऊन रडली आणि तो हुंदका पावसातून विंगेत आला. झाडाकडून तो आला नसता. तर सर, निपाणीहून बेळगाव काही लांब नाही, पुढच्या प्रयोगाला या.

मी कॉलेजला आहे. तुम्ही दिवसभर शिवणकाम करून हे कसं जमवता? आणि आता मोबाईल असताना प्रॉम्प्टर लागतो कशाला? (एक विद्यार्थिनी, खानापूर)

बाळ, पहिला प्रश्न सोपा आहे. सकाळी शेजारचे माग सुरू झाले की माझीपण मशीन सुरू, संध्याकाळी सहापर्यंत ब्लाऊज, मग भात-आमटी करून ठेवायची आणि साडेसातला टिळकवाडीत तालीम. वाटेत दुसरं रेल्वे गेट लागतं आणि ते पडलेलं असणारच, कुणी काय म्हणो मला त्याचा राग येत नाही, कारण स्कूटी बंद करून मी तिथे अख्खा प्रवेश मनातल्या मनात म्हणून घेते. एकदा मनातल्या मनात राहिलं नाही, "तुम्ही मला फसवलंत, सगळ्या गावासमोर फसवलंत" असं चांगलं मोठ्यानं निघालं आणि शेजारचे रिक्षावाले घाबरून म्हणाले, "काय झालं ओ अक्का?" त्यांना मी सगळं सांगितलं, पर्समधून दोन पास काढून दिले आणि ते बायकोला घेऊन आलेही.

दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ देते कारण तो मला मनापासून आवडला. प्रॉम्प्टर म्हणजे विसरलेला शब्द सांगणारी बाई एवढंच लोकांना वाटतं, पण शब्द सांगणं हा शेवटचा भाग. आधी ओळखायचं असतं की नट विसरलाय की थांबलाय. दोन्हीत स्टेजवर शांतताच असते. थांबलेला नट श्वास घेत असतो, समोरच्याकडे बघत असतो. विसरलेला नट श्वास धरतो आणि त्याचा अंगठा बोटावर घासायला लागतो, मी बावीस वर्षं अंगठे बघतेय, क्वचितच चुकते. म्हणून तालमीत जिथे जिथे मुद्दाम थांबायचं ठरतं तिथे मी लाल उभी रेघ मारते, नाहीतर नट छान थांबलेला असतो आणि मी मधे शब्द टाकून त्याची माती करायची.

दुसरं म्हणजे कुजबुजायचं नाही. कुजबुजलं की स, श यांची शिट्टी होते आणि ती तिसऱ्या रांगेपर्यंत जाते. खालच्या पट्टीत, साध्या आवाजात, ओळीचे फक्त पहिले दोन शब्द द्यायचे. अख्खी ओळ दिली तर तो गोंधळतो. मोबाईल विंगेत मी उघडूच देत नाही, त्याच्या उजेडाने अर्धी विंग दिसते. कागद, क्लिपबोर्ड आणि लाल कागद गुंडाळलेली छोटी बॅटरी. कानात यंत्र लावून संवाद सांगता येतो, माहीत आहे मला. पण यंत्राला अंगठा कुठे दिसतो?

आणि कपडेपटाबद्दल तुझ्या पत्रात शेवटी होतं म्हणून सांगते, नऊवारी शिवून घेतलेली असते, कमरेला इलॅस्टिक आणि मागे हुक. वेल्क्रो लावून बघितला होता पण काढताना फर्रर्र असा आवाज होतो आणि स्टेजवर मरणाचा सीन चालू असेल तर गेलंच सगळं. टिचबटणं बरी. चाळीस सेकंदांत पाचवारीतून नऊवारीत बदल होतो, दोघी जणी हाताशी लागतात.

मुलगा म्हणतो नाटक म्हणजे पुण्या-मुंबईचं, आपल्याकडे काय आहे. त्याला काय सांगू? (गृहिणी, अनगोळ)

त्याला एका रविवारी गाडीत घाला आणि सौंदत्तीच्या बाजूला गुर्लहोसूरला घेऊन जा. अण्णासाहेब किर्लोस्कर तिथे जन्मले, १८४३ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, ज्या तारखेला आपण रंगभूमी दिन करतो. आणि भाव्यांना ते सुचलं कशावरून? आदल्या वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती, ते बघून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी सांगितलं की असं आपल्या भाषेत करा. म्हणजे मराठी नाटकाची सुरुवातच कानडी खेळ बघून झालीय. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेबांनी पुण्यात शाकुंतल उभं केलं आणि संगीत नाटक सुरू झालं, दोन वर्षांनी सौभद्र आलं, त्यांच्या पदांच्या चालींत कानडी चालीपण आहेत. पुण्याला जे मिळालं ते आपल्याच मलप्रभेकाठच्या माणसाने नेऊन दिलंय.

कुमार गंधर्व सुळेभावीचे, इथून तासाभराच्या आत. एणगी बाळप्पांनी आयुष्यभर कानडी रंगभूमी केली आणि शंभरी ओलांडून २०१७ मध्ये गेले, तेही सौंदत्तीकडच्याच गावचे. मी मराठी नाटकवाली आहे, माझं घर, माझी भाषा मराठी आणि मला तिचा अभिमान आहे, पण जिथे श्रीकृष्ण पारिजात या कानडी लोकनाट्याचा खेळ असेल तिथे मी रात्रभर बसून बघते. कानडी मला दुकानापुरतं येतं, तरी सत्यभामा रुसली की कळतं. मुलाला तेपण दाखवा, रात्रीची थंडी असते, शाल घ्या.

एका माणसाने मेल्यावर स्वतःची कवटी नाटक कंपनीला दिली, ही बातमी खरी काय? (नाव नको, चिकोडी)

खरी. आंद्रे चायकोव्हस्की नावाचे पियानोवादक, १९८२ मध्ये वारले आणि लिहून ठेवलं होतं की माझी कवटी इंग्लंडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीला द्या, नाटकात वापरायला. बरीच वर्षं ती नुसती तालमीत वगैरे राहिली, मग २००८ मध्ये हॅम्लेटच्या स्मशानातल्या सीनला खरोखर स्टेजवर आली. तुम्ही "येड लागलंय काय" असं विचारलंय. मला नाही तसं वाटत. माणसाला स्टेजवर उभं राहायची एवढी ओढ असू शकते, मी रोज बघते ती, फक्त आमच्याकडची मंडळी जिवंतपणीच येतात.

नाटक सहाला म्हणता आणि पावणेसातला सुरू करता. का? (तीन वाचकांनी हेच विचारलंय)

तुमचं बरोबर आहे. माझंही यावर मंडळींशी भांडण झालंय. कारण असं सांगतात की लोक उशिरा येतात, आणि लोक म्हणतात की हे उशिरा सुरू करतात. वेळेवर आलेल्या माणसाला शिक्षा आणि उशिरा आलेल्याला मान, हे मला पटत नाही. पुढच्या प्रयोगाला तिसरी घंटा सहाला होणार, मी स्वतः घंटेपाशी उभी राहणार.

मी ५८ वर्षांचा, उद्यमबागमध्ये फौंड्रीत तीस वर्षं काढली, आता रिटायर होतोय. कधी स्टेजवर गेलो नाही. या वयात नाटकात घेतील काय? (एक वाचक, मच्छे)

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तालमीत सगळ्यांना वाचून दाखवलं. घेतील. फौंड्रीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज मशीनच्या वर चढवायची सवय असलेला असतो, आणि आमच्या पोरांना माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला मी घसा फोडून सांगतेय. पहिल्याच वेळी मोठी भूमिका मिळेल असं मी म्हणत नाही, बहुतेक आधी सेट उचलायला लावतील, मग दोन ओळींचा पोस्टमन नाहीतर पंच, पण त्या दोन ओळी लोकांना ऐकू जातील याची मला खात्री आहे. पाठांतराची भीती लिहिलीय तुम्ही, ती सोडा, त्यासाठीच मी बसलेली आहे. तुमचा अंगठा मी पहिल्या आठवड्यातच ओळखून ठेवीन.

मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी तालमीची जागा सांगते. येताना पेन्सिल आणा, पेन नको, पहिल्या पंधरा दिवसांत संवाद तीनदा बदलतात.