लंडनहून एका दिवसात, कमी पैशांत मिलान पाहून येता येईल का? पासपोर्ट भारतीय आहे.

येता येईल. पण मिलान नको, त्याच्या जवळचं बेर्गामो बघा.

उत्तर लिहिणार नव्हते, प्रश्नात मिलान वाचलं आणि राहवलं नाही. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही दोघं असेच गेलो. जाऊन-येऊन माणशी ४१ पौंड, सीटखाली मावेल एवढीच पिशवी. तिकिटावर मिलान लिहिलेलं असलं तरी विमान उतरतं बेर्गामोच्या ओरिओ अल सेरिओ विमानतळावर. तिथून मिलान पन्नासेक किलोमीटर, बेर्गामो पाच. बाहेर पडलं की बेर्गामोचं टेकडीवरचं जुनं शहर समोर दिसतं. मी म्हटलं, अहो, हे डोळ्यांसमोर आहे तिथेच जाऊ. तर हे म्हणाले, "तिकीट मिलानचं काढलंय ना? उद्या कोणी विचारलं दुओमो पाहिलंत का, तर काय सांगायचं?"

मग काय, बस. घड्याळ तिथे एक तास पुढे, म्हणजे तो तास आधीच गेलेला. बसमध्ये तास, मग मेट्रो. दुओमो म्हणजे मिलानचं मुख्य चर्च. १३८६ साली बांधायला घेतलेलं ते चर्च आम्ही वीस मिनिटांत उरकलं, तेही बाहेरूनच, कारण आतल्या रांगेकडे बघूनच पाय गळाले. लिओनार्दो दा विंचीचं 'शेवटचं भोजन' हे चित्र पाहायचं तर कित्येक आठवडे आधी तिकीट काढावं लागतं, हे तिथे गेल्यावर कळलं. परतीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली आणि गेट बंद व्हायला सात मिनिटं असताना आम्ही धापा टाकत पोचलो. दुओमोसमोरचा सेल्फी मात्र आला, ह्यांच्या व्हॉट्सॲपला अजून तोच आहे.

व्हिसाची मुदत शिल्लक होती, म्हणून मे महिन्यात मी एकटी परत गेले, ह्या वेळी बेर्गामोला. विमानतळावरून एक नंबरची बस, मग १८८७ पासून चालणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, की थेट वर जुन्या शहरात. व्हेनिसवाल्यांनी १५६१ मध्ये बांधायला घेतलेला तट आहे, सहा किलोमीटरांहून लांब, २०१७ पासून जागतिक वारशात. त्यावर बसून दशमी-चटणी खाल्ली. पियाझ्झा वेक्क्या ह्या जुन्या चौकात तासभर नुसती बसले. 'पोलेंता ए ओसेई' नावाची पिवळी मिठाई घेतली, वर चॉकलेटचे पक्षी. (त्याच नावाच्या जेवणातल्या पदार्थात खरे पक्षी असतात, शाकाहारी असाल तर बेकरीतच घ्या. कासोन्चेल्ली ह्या इथल्या भरलेल्या पास्त्यातही मांस असतं.) दिवसभरात वीस युरोही गेले नाहीत.

आता तुमच्या 'कमी पैशांत'बद्दल. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचेच ९० युरो, वर एजन्सीची फी. फक्त एका दिवसासाठी काढणार असाल तर सरळ वेडेपणा आहे. आधीचा मल्टिपल एन्ट्री असेल तरच ही चैन परवडते. शिवाय मोबाइलवर बोर्डिंग पास आला म्हणून थेट सिक्युरिटीकडे धावू नका. बऱ्याच स्वस्त कंपन्यांत आपल्या पासपोर्टवाल्यांना आधी काउंटरवर व्हिसा दाखवावा लागतो.

लहान मुलं असतील तर पहाटेचं विमान विसरा. आणि ज्याला दुओमोच पाहायचंय त्याने एक रात्र राहावं. हे मी ह्यांनाही सांगितलंय, अजून उत्तर आलेलं नाही.