ग्रीसमधल्या मानी भागात पाहण्यासारखं काय आहे? तीन दिवस पुरतील का?

पुरतील, पण गाडी भाड्याने घ्याच. कालामाता विमानतळावरून निघालात तर तासाभरात मानीतलं कार्दामिली गाव येतं. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. ऊन सोसवेल असं होतं आणि रस्तेही मोकळे होते.

पेलोपोनीस या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या खालच्या बाजूला जमिनीची तीन टोकं समुद्रात शिरली आहेत. त्यांतलं मधलं म्हणजे मानी. तायगेटोसची डोंगररांग उत्तरेला २,४०० मीटरपर्यंत चढते आणि इथे उतरत उतरत थेट पाण्यात जाते. कार्दामिली, स्तूपा या बाजूला ऑलिव्हची झाडी आणि पोहायला छान किनारे आहेत. मुलं बरोबर असतील तर मुक्काम तिथेच करा.

मला मात्र ओढ लागली ती आरेओपोली गावाच्या दक्षिणेकडच्या मानीची. सगळा खडक, पाणी कमी, आणि गावोगावी दगडी बुरुजांसारखी चौकोनी उंच घरं. भाऊबंदकीतून घराण्यांची वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालत. ज्याचा बुरूज उंच त्याला शेजाऱ्याच्या छपरावर मारा करता येई, म्हणून जो तो घर चढवत गेला. वाथिया गावात अशी घरं टेकडीवर दाटीवाटीने उभी आहेत, बहुतेक रिकामी. तिथे संध्याकाळी जा. तुर्कांना हा मुलूख कधी पुरता ताब्यात घेता आला नाही. १७ मार्च १८२१ रोजी आरेओपोलीत उठावाचा झेंडा उभारला गेला, सहा दिवसांत कालामाता मुक्त झालं. आपल्याकडे 'मानी' म्हणजे स्वाभिमानी, आणि या माणसांना ते नाव शोभतं.

दिरोसची गुहा चुकवू नका. आत बराचसा प्रवास होडीतून होतो. लवणस्तंभ इतके खाली येतात की नावाडी सांगेल तेव्हा मान वाकवावी लागते. रांग लागण्याआधी, सकाळी लवकर पोहोचा.

तिसरा दिवस तेनारो भूशिरासाठी ठेवा. हे ग्रीसच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. पाताळाचं दार इथे आहे असं प्राचीन ग्रीक मानत. गाडीरस्ता संपतो तिथून दीपगृहापर्यंत पाऊण तास चालायचं आहे. सावली अजिबात नाही, पाणी बरोबर घ्या. वाटेत पायाशी बघत चला, उघड्यावरच रोमन काळातली मोझेइकची फरशी आहे. बारीक बारीक खड्यांतून गोलाकार फिरणाऱ्या लाटा काढल्या आहेत. मी गुडघ्यावर बसून पाहत राहिले, तर वाऱ्याने आलेली माती त्या लाटांच्या फटींत साचलेली दिसली.